सहा एमआरआय एका जागी

प्रति,
मा. संचालक,
टाटा मेमोरियल सेंटर, परळ, मुंबई

विषय : मेंदूत संथ वाढणारी गाठ असलेल्या मुलांचे एमआरआय जपून ठेवण्याबाबत

महोदय,

हे पत्र बोरसीहून लिहीत आहे. दुर्ग आणि भिलाई जिथे एकमेकांत मिसळून जातात, त्या भागातली ही वस्ती. 1955 नंतर पोलाद कारखान्यासाठी देशभरातून माणसं इथे आली, त्यांत नागपूर, भंडारा, गोंदियाकडची मराठी कुटुंबंही होती. आम्ही त्यांच्यातलेच. घरात मराठी, कारखान्यात हिंदी, बाजारात छत्तीसगढी. साधं आजारपण भिलाईत सेक्टर 9 च्या रुग्णालयात निभतं, त्याहून मोठं असलं की रायपूर गाठायचं, आणि कॅन्सरचा नुसता संशय आला तरी कुणीतरी नातेवाईक म्हणतोच, ‘एकदा टाटाला दाखवा’. तुमच्या दाराशी येणाऱ्या गर्दीत दुर्ग स्टेशनवरून चढलेली माणसं रोज असतात.

मागणी आधी सांगतो, कारणं नंतर. मेंदूत संथ वाढणारी गाठ असलेल्या प्रत्येक मुलाचे सगळे एमआरआय, पहिल्यापासून आजपर्यंतचे, मूळ डिजिटल स्वरूपात एका जागी राहावेत. आणि ते कुठेही काढले तरी ठरलेल्या एकाच पद्धतीने काढले जावेत. ही व्यवस्था राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने करावी. या ग्रिडचं काम 2012 पासून तुमच्याकडून चालतं, आज तीनशेहून अधिक केंद्रं त्यात आहेत. चाळीस औषधांची एकत्र खरेदी करून किमती खाली आणण्याचं काम याच ग्रिडने करून दाखवलं. जे औषधांच्या बाबतीत जमलं ते चित्रांच्या बाबतीत जमायला काय हरकत आहे, असा माझा सरळ प्रश्न आहे.

हे आत्ताच का सुचलं, ते सांगतो. 2025 साली ‘एनईजेएम एआय’ या वैद्यकीय नियतकालिकात बॉस्टनच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मास जनरल ब्रिगहॅम, बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटल आणि डाना-फार्बर या संस्थांची मंडळी त्यात होती. लेखकांत पहिलं नाव दिव्यांशु टाक यांचं, मार्गदर्शन डॉ. बेंजामिन कान यांचं. ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींतून उगवणारी गाठ, झालेल्या 715 मुलांचे जवळजवळ 4,000 एमआरआय त्यांनी जमवले आणि संगणकाला एकच प्रश्न विचारला: उपचार संपल्यावर वर्षभरात या मुलाची गाठ परत येईल का?

शिकवण्याची रीत मला फार आवडली. आधी संगणकाला एकाच मुलाचे शस्त्रक्रियेनंतरचे एमआरआय दिले आणि ते तारखांच्या क्रमाने लावायला शिकवलं. क्रम लावायचा म्हणजे डोळ्याला न दिसणारे बारीक फरक ओळखावेच लागतात. ते जमायला लागल्यावर मग कोणत्या फरकांच्या मागोमाग गाठ परत आली, हे त्याला दाखवलं. अशा तयारीनंतर त्याची उत्तरं 75 ते 89 टक्के बरोबर आली. एकच एमआरआय दाखवून तोच प्रश्न विचारला तेव्हा मात्र अचूकता 50 टक्क्यांच्या आसपास राहिली. चित्राकडे न बघता उत्तर दिलं असतं तरी साधारण तेवढीच बरोबर आली असती. एमआरआय वाढवत नेले तसं भाकीत सुधारत गेलं आणि चार ते सहांच्या पुढे फारसं सुधारलं नाही.

या अभ्यासाबद्दल जे कौतुक झालं ते कृत्रिम बुद्धिमत्तेचं. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट ‘चार ते सहा’ ही वाटली.

माझं सारं आयुष्य कारखान्यात उपकरणं वाचण्यात गेलं. झोतभट्टीच्या तळाशी विटांच्या अस्तरात तापमापक पुरलेले असतात. आतलं अस्तर झिजायला लागलं की ते हळूहळू जास्त तापमान दाखवू लागतात. एका पाळीत तो आकडा बघून काहीच कळत नाही. कोळसा बदलला, हवा बदलली, तरी तो चार अंश इकडेतिकडे होतो. पण तीन महिन्यांची नोंदवही समोर ठेवली आणि आकडा सावकाश, मागे न फिरता चढताना दिसला, की जाणकार माणूस सावध होतो. आणि आमच्याकडे आणखी एक कडक नियम होता: तापमापक बदलला तर वहीत तारखेसकट लिहायचं. नाहीतर नवं उपकरण जरा जास्त दाखवतं म्हणून भट्टी उगीच थांबवली जायची, किंवा जरा कमी दाखवतं म्हणून खरा धोका झाकला जायचा. बॉस्टनचा अभ्यास वाचताना मला ती वही आठवली. आमच्या मुलांची अशी वही कुणाकडेच नाही, म्हणून हे पत्र.

या आजाराची जात तुम्हाला मी सांगावी असं नाही, पण पत्र खुलं आहे, इतरही वाचतील. मुलांच्या मेंदूत होणाऱ्या गाठींपैकी जवळपास एकतृतीयांश गाठी या संथ जातीच्या, पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीच्या ग्लायोमा असतात. अशी गाठ लहान मेंदूत असेल आणि शस्त्रक्रियेत पूर्ण निघाली तर बहुतेक वेळा पुढे काहीच करावं लागत नाही. डोळ्यांच्या नसांजवळ, मेंदूच्या बुंध्यापाशी किंवा हायपोथॅलॅमसच्या आसपास असेल तर ती पूर्ण काढता येत नाही; थोडी राहते, आणि मग वर्षानुवर्षं तिच्यावर नजर ठेवायची. श्रीमंत देशांच्या आकडेवारीत यातली नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं दहा वर्षांनंतरही जिवंत असतात. खूप मुलांमध्ये मोठेपणी गाठ आपणहून थंडावते. म्हणजे इथे प्रश्न बहुधा जीव वाचेल का हा नसतो. दृष्टी किती राहील, वाढ नीट होईल का, शाळा जमेल का, असे प्रश्न असतात. रेडिएशन दिलं तर गाठ आवरते, पण लहान वयात त्याची किंमत पुढे बुद्धीवर, संप्रेरकांवर, कधी दुसऱ्या गाठीच्या रूपाने मोजावी लागते. म्हणून डॉक्टर ते जमेल तितकं टाळतात. उपचार कमी पडला तर गाठ वाढते, जास्त झाला तर मूल झिजतं. या दोहोंच्या मधली वाट काढायची तर पुढचं थोडं आधी दिसायला हवं. भाकिताचा मोह त्यामुळेच आहे आणि तो रास्त आहे.

आता बोरसीतली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एका मुलाची गाठ डोळ्यांच्या नसांजवळ आहे. थोडा भाग शस्त्रक्रियेत निघाला, नंतर कार्बोप्लॅटिन आणि व्हिन्क्रिस्टिनची लांबलचक किमो झाली, आता दर काही महिन्यांनी एमआरआय. त्याचे वडील ठेकेदाराकडे आहेत. कामावर गेले नाहीत तर त्या दिवसाची मजुरी नाही. घरातलं सगळ्यांत मौल्यवान सामान म्हणजे साड्यांच्या दुकानाची एक मोठी प्लास्टिकची पिशवी, त्यात त्याच्या फिल्म्स. पहिला एमआरआय दुर्गच्या खासगी केंद्रातला. दुसरा रायपूरचा. मग शस्त्रक्रियेच्या वेळचा नागपूरचा, त्यानंतरचे जिथे तारीख आणि पैसे दोन्ही जमले तिथले. काही यंत्रं दीड टेस्ला ताकदीची, एक तीन टेस्लाचं. एका वेळी गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून द्यायचा कॉन्ट्रास्ट दिलेलाच नाही. कधी पाच मिलिमीटर जाडीचे काप, मधे फटी. कधी एक मिलिमीटरचे. दोन वेळच्या फक्त फिल्म्स आहेत, मूळ डेटा नाही, आणि एमआरआय काढणाऱ्या केंद्रांनी तो आपल्या संगणकावरून कधीच पुसून टाकला आहे. सीड्या आहेत, त्यांतली एक उघडत नाही. (उघडली असती तरी सीडी लावायची खोबण असलेला लॅपटॉप आता बोरसीत शोधावा लागतो.)

त्याची आई दर वेळी रिपोर्ट घेऊन येते. इंग्रजी मला वाचता येतं एवढीच माझी पात्रता. ‘काका, डॉक्टर काही सांगून नाही राहिले नीट. तुम्हीच सांगा ना, वाढलं की नाही वाढलं?’ मी रिपोर्टातले आकडे वाचून दाखवतो आणि गप्प बसतो, कारण त्या आकड्यांची तुलना करता येत नाही हे मला कळतं.

ते का येत नाही, हे मोजून सांगतो. 2020 साली ‘रॅपनो’ या आंतरराष्ट्रीय गटाने मुलांच्या संथ गाठींसाठी मोजमापाच्या शिफारशी केल्या. गाठीच्या लांबी-रुंदीचा गुणाकार 25 टक्के किंवा त्याहून जास्त वाढला तर गाठ वाढली असं मानायचं, असा त्यातला एक निकष आहे. वीस मिलिमीटर बाय वीस मिलिमीटरची गाठ घ्या. गुणाकार चारशे. पुढच्या वेळी डोकं यंत्रात जरा तिरकं राहिलं, काप वेगळ्या जागी पडला आणि दोन्ही मापं तेवीस-तेवीस आली. गुणाकार 529, म्हणजे 32 टक्के वाढ. तीन मिलिमीटरच्या फरकाने मूल ‘वाढली’च्या रकान्यात गेलं, पुन्हा किमो, पुन्हा औषध सोडायचा पोर्ट, पुन्हा शाळा बुडाली. उलटही होतं. खरोखर वाढलेली गाठ जाड कापांच्या फटीत दडते आणि सहा महिने कुणाला दिसत नाही, तोवर एका डोळ्याची नजर गेलेली असते. रेडिएशननंतर तर गाठ काही काळ सुजून मोठी दिसते आणि नंतर आपोआप उतरते; हे ओळखायलाही मागचे एमआरआय शेजारी ठेवावे लागतात.

बॉस्टनचा संगणक आमच्या या पिशवीसमोर बसवला तर तो काय क्रम लावणार?

म्हणून माझं म्हणणं असं की भाकीत सांगणारं यंत्र ही नंतरची गोष्ट. त्याला जे खायला लागतं ते आधी पिकवा. आणि खरं सांगायचं तर यंत्र कधी आलंच नाही तरी ही व्यवस्था वाया जाणार नाही, कारण एकाच पद्धतीने काढलेले सहा एमआरआय शेजारी शेजारी लावले तर तुमचा रेडिओलॉजिस्ट आजही खूप काही जास्त सांगू शकेल.

व्यवस्था म्हणजे काय, हेही स्पष्ट लिहितो, म्हणजे ‘सूचना विचाराधीन आहे’ असं उत्तर द्यायला अडचण व्हावी. ग्रिडने एक पानी कागद काढावा: मुलाच्या मेंदूचा एमआरआय करताना कोणत्या प्रकारची चित्रं घ्यायची, काप किती जाडीचे, कॉन्ट्रास्ट कधी, आणि यंत्राची ताकद रिपोर्टात लिहायचीच. तो कागद पालकांच्या हातात द्यावा. दुर्गच्या खासगी केंद्रातला तंत्रज्ञ तो वाचून काम करील, तेवढी आमची माणसं हुशार आहेत. एमआरआय झाल्यावर फिल्मचा फोटो नको, मूळ डिजिटल फाइल पालकांना मिळावी आणि तीच ग्रिडच्या एका ठिकाणी चढवता यावी. 14 अंकी आभा हा आरोग्य-क्रमांक सरकारने दिलेलाच आहे, त्याला ती जोडता आली तर उत्तम. नाही जमलं तर तुमचा साधा केस नंबरही चालेल. आयुष्मान योजनेतून पैसे देताना सरकारने एवढी एकच अट घालावी की मूळ फाइल जमा झाल्याशिवाय एमआरआयचं बिल मंजूर होणार नाही. खासगी केंद्रं आठवड्याभरात शिकतील.

तुमच्याकडे कर्करोगाच्या प्रतिमांची पेढी उभी राहते आहे, हे मला माहीत आहे. तिची सुरुवात डोकं-मान आणि फुप्फुसांच्या कर्करोगांपासून झाली. तंबाखूने ग्रासलेल्या देशात तसंच व्हायला हवं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. काळजी वेगळी आहे. मुलांच्या मेंदूच्या गाठी त्यांच्या तुलनेत मोजक्या, म्हणून त्या रांगेत मागेच राहतील. पण ज्याची संख्या कमी त्याचीच माहिती एकत्र करण्याची गरज सर्वांत जास्त असते. अमेरिकेतही 715 मुलं एका रुग्णालयाच्या भरवशावर जमली नाहीत. आपल्याकडे रायपूरला थोडी, नागपूरला थोडी, वाराणसी, गुवाहाटी, विशाखापट्टणमच्या तुमच्या रुग्णालयांत थोडी, आणि परळ-खारघरला पुष्कळ. ही सगळी एकत्र बघू शकेल अशी संस्था देशात तुमच्याखेरीज क्वचितच असेल.

आणि एकत्र केल्यावर अमेरिकेत घडवलेलं यंत्र आपल्या मुलांवर तपासून बघा. सरळ वापरायला घेऊ नका. संशोधकांनी स्वतःच म्हटलं आहे की रुग्णांसाठी वापरण्याआधी त्याची आणखी पडताळणी व्हायला हवी. आपली मुलं उशिरा येतात, गाठ मोठी झाल्यावर येतात, उपचार मधे तुटतात, यंत्रं वेगळी. बोरसीपासून थोड्या अंतरावर कुटेलाभाठ्याला आयआयटी भिलाईचा मोठा परिसर आहे. संस्था 2016 ची, नवा परिसर 2024 मध्ये देशाला अर्पण झाला. तिथल्या मुलांना असं काम द्या. पोलादाच्या गावातल्या पोरांना चित्रांतले बारीक फरक शोधायला आवडेल, असं आपलं मला वाटतं.

पडताळणी का हवी, याचं एक गणित मी मांडून बघितलं. आकडे कल्पित आहेत, हिशेब खरा आहे. समजा शंभर मुलं आहेत आणि त्यांपैकी पंधरा जणांची गाठ वर्षात परत येणार आहे. यंत्र दोन्ही बाजूंनी 80 टक्के बरोबर आहे. पंधरांपैकी बाराजण ते पकडेल, तिघे निसटतील. उरलेल्या पंच्याऐंशींपैकी सतरांना ते उगीच धोक्याचा शिक्का मारील. म्हणजे धोक्याच्या यादीत एकूण एकोणतीस मुलं, आणि त्यातल्या सतरांना काहीही होणार नाही. 80 टक्के बरोबर असलेलं यंत्र ज्याला धोका सांगतं त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांच्या बाबतीत चुकतं! यात यंत्राचा दोष नाही, ज्या गोष्टी क्वचित घडतात त्यांच्या भाकिताचा हा स्वभावच आहे. पण आमच्या गल्लीतल्या त्या आईला हे कोण समजावणार? ओपीडीत एका मुलामागे डॉक्टरला किती मिनिटं मिळतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. आकडा तिच्या हातात पडला की तो तिच्या घरात शिजणार, शेजारी चघळणार, आणि पुढच्या महिन्यात मुलाला शाळेतून काढणार. म्हणून यंत्र आलं तर आकडा आधी डॉक्टरांच्या बैठकीत जाऊ द्या. घरच्यांना आकडा नको. पुढचा एमआरआय कधी आणि का, तेवढं सांगा.

धोका सांगितला, पुढे काय, हाही प्रश्न आहेच. यातल्या अनेक गाठींत बीआरएएफ नावाच्या जनुकात बिघाड असतो. बॉस्टनच्या याच गटाने 2024 मध्ये तो बिघाड एमआरआयवरून ओळखण्याचाही प्रयत्न केला. त्या बिघाडावर नेमका मारा करणारी औषधं निघाली आहेत. अमेरिकेत डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब यांच्या जोडीला या मुलांसाठी मार्च 2023 मध्ये मंजुरी मिळाली, टोव्होराफेनिबला एप्रिल 2024 मध्ये. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या माणसाच्या ऐपतीत ती बसत नाहीत, एवढं मला पुरेसं कळतं. धोका सहा महिने आधी कळला आणि औषध परवडणारं नसलं, तर आपण त्या घराला सहा महिने जास्त काळजी दिली. गटखरेदीच्या यादीत ही औषधं घालता येतील का, याचा विचार चित्रांच्या बरोबरच व्हावा.

मात्र भाकिताची दुसरी बाजू आमच्यासाठी जास्त मोलाची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ज्यांची गाठ परत येणार नाही त्या मुलांचे एमआरआय कमी करता येतील का? संशोधकांनीही पुढच्या चाचण्यांसाठी हा एक उपयोग सुचवला आहे. बॉस्टनच्या मुलाचा एक एमआरआय वाचला तर त्याची एक सकाळ वाचते. आमच्या मुलाचा वाचला तर काय वाचतं ते बघा. दुर्गहून मुंबई रेल्वेने सुमारे अकराशे किलोमीटर. गीतांजली मिळाली तरी सगळा दिवस प्रवासात, आरक्षण नसेल तर दाराशी वळकटीवर. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि 2006 पासून चालणारी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत म्हणून आमच्यासारख्यांची पोरं तिथे उपचार पुरे करू शकतात; पण जागा सगळ्यांना आणि दर वेळी मिळतेच असं नाही. वडिलांची आठवडाभराची मजुरी जाते. घरी राहिलेली लहान बहीण शेजाऱ्यांकडे.

आणि मुलाचं काय? पाच-सहा वर्षांचं मूल त्या धडधडणाऱ्या नळीत अर्धा-पाऊण तास हलल्याशिवाय पडत नाही. त्याला भूल द्यावी लागते. त्यासाठी पहाटेपासून उपाशी ठेवायचं, आणि नंबर दुपारी दोनला. दर वेळी शिरेत सुई, दर वेळी कॉन्ट्रास्ट. त्यातल्या गॅडोलिनियमचा अंश शरीरात राहतो, याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये सूचना काढली. मूत्रपिंड धड असलेल्यांना त्याने अपाय होतो असं दिसून आलेलं नाही, पण म्हणून गरज नसताना द्यावा असंही नाही. ज्या मुलाचे चार एमआरआय शांत आहेत त्याला तीन महिन्यांऐवजी सहा महिन्यांनी, सहाऐवजी वर्षाने बोलावता आलं, आणि तो एमआरआय रायपूरलाच काढून तुमच्याकडे फक्त चित्रं आली, तर त्या घराचं निम्मं आजारपण गेलं म्हणायचं. अर्थात ही सूट देण्याची हिंमत डॉक्टरला तेव्हाच होईल जेव्हा त्याच्यासमोर मागची चारही चित्रं, एका मापाची, नीट उघडणारी असतील. गोष्ट पुन्हा त्याच पिशवीपाशी येते.

संमतीबद्दल एक परिच्छेद लिहिणं भाग आहे. मुलांची चित्रं साठवायची, त्यांवर संगणक शिकवायचे, उद्या त्यातून एखादी कंपनी पैसे कमावणार. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची खातरजमा होईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. ती संमती दाखल करताना भरायच्या अठरा कागदांपैकी एक म्हणून, इंग्रजीत, अंगठा लावून घेतली जाऊ नये. हिंदीत, मराठीत, छत्तीसगढीत दोन वाक्यं पुरेत: तुमच्या मुलाची चित्रं इतर मुलांसाठी अभ्यासाला वापरू का? नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही. माझा अनुभव असा आहे की नीट विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही. आमच्या गल्लीतल्या त्या बाईला मी विचारून पाहिलं. ‘घेऊन टाका ना काका, पिशवीत ठेवून मी काय करून राहिली त्याचं,’ असं ती म्हणाली.

एक आक्षेप मी स्वतःच घेतो. रायपूरला एम्स आहे, 2012 पासून. मेकाहारा हे सरकारी रुग्णालयही आहे. मग परळला पत्र कशाला? इथल्याच मोठ्या रुग्णालयांना का नाही सांगत? सांगतो आहेच, आणि हे पत्र हिंदीत करून तिकडेही पाठवणार आहे. पण त्या मुलाचे एमआरआय दोन राज्यांत, चार केंद्रांत विखुरले आहेत. एकेका रुग्णालयाने आपापलं कपाट नीट लावलं तर चार नीट लावलेली कपाटं होतील, मालिका होणार नाही. राज्यांच्या सीमा ओलांडून ‘असंच करा’ असं म्हणण्याची सवय आणि वजन ग्रिडकडे आहे.

आणि दीर्घकाळ नोंद ठेवणं तुम्हाला नवं नाही. बालपणी कर्करोगातून बाहेर पडलेल्या मुलांवर पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवणारी एसीटी क्लिनिक तुमच्याकडे 1991 पासून चालते. तेव्हाची मुलं आज पन्नाशीकडे झुकली असतील. त्यांना शोधून, पत्रं लिहून, बोलावून घेण्याची रीत तुमच्या लोकांनी संगणक नसताना बसवली. संथ गाठीच्या मुलांना ती रीत सर्वांत जास्त लागेल. अठराव्या वर्षी मुलांचा विभाग त्यांना मोठ्यांच्या विभागाकडे सोपवतो, मोठ्यांच्या विभागात नवा डॉक्टर, नवी फाइल, आणि तो पहिलाच प्रश्न विचारतो: आधीचे एमआरआय आहेत का?

आमच्या गल्लीतल्या मुलाचा पुढचा एमआरआय दिवाळीनंतर आहे. रायपूरला काढायचं ठरतं आहे. तो एक पानी कागद तोवर निघाला तर मला बोरसीच्या पत्त्यावर पाठवावा. तंत्रज्ञापर्यंत मी स्वतः नेऊन देईन. उरलेलं काम सावकाश झालं तरी चालेल.

आपला,
भिलाई पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला एक उपकरण-तंत्रज्ञ
बोरसी, दुर्ग-भिलाई, छत्तीसगड